खोकी त्यांची, पुस्तके दुसऱ्यांची!

महामार्गावरचा माणकोली नाका ओलांडून भिवंडीकडे वळले की दुतर्फा पत्र्याच्या गोदामांची रांग लागते. दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, राहनाळ. जेथे भाताची खाचरे होती तेथे आज देशभरच्या ऑनलाइन दुकानांचा माल उतरतो, मोजला जातो, खोक्यांत भरून रवाना होतो. त्या मालात लहान मुलांची चित्रपुस्तकेही असतात. बांद्र्याच्या नि बाणेरच्या बाळांसाठी जाड पुठ्ठ्याची, गोलाई दिलेल्या कोपऱ्यांची, चकचकीत रंगांची. ती खोकी चिकटपट्टीने बंद करणाऱ्या हातांच्या घरीही तीन-चार वर्षांचे मूल आहे. त्याच्या वाट्याला फाटके खोके येते. खोक्यातले पुस्तक कधीच येत नाही. सात लाखांवर वस्तीच्या या शहराला याची लाज वाटत नसेल, तर ती वाटायला लावणे हे आमचे काम आहे.

‘पोरांना पोटभर खायला नाही, आणि तुम्ही चित्रांची पुस्तके कसली मागता?’ असा प्रश्न लगेच येईल. तो विचारणारे बहुधा भरल्या पोटाचे असतात आणि त्यांच्या नातवंडांच्या खोलीत अशा पुस्तकांची फळी असते. चित्रपुस्तक ही श्रीमंतांची चैन नाही. अक्षर कळण्याच्या आधी मूल वाचायला शिकते ते चित्रावरून. हा कोण, तो का रडतो, पुढच्या पानावर काय होईल, हे सारे ते चित्रातून ताडते. शब्द ‘मांजर झोपले’ म्हणतात आणि चित्रात उशीखालून उंदराची शेपटी डोकावते, तेव्हा मूल मोठ्यांच्या आधी हसते. कारण ते वाचत असते, आणि वाचून देणारा मोठा फक्त अक्षरे म्हणत असतो. हा अनुभव ज्याला सहा वर्षांपर्यंत मिळालाच नाही, त्याच्या हाती पहिलीत एकदम पाठ्यपुस्तक द्यायचे आणि वर्षभराने ‘वाचता येत नाही’ म्हणून त्याच्याच कपाळी शिक्का मारायचा! 2021 साली केंद्राने ‘निपुण भारत’ची घोषणा केली, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आले पाहिजे असा संकल्प सोडला. पण वाचायचे काय, हे संकल्पाच्या फलकावर लिहायला कोणाला सुचले नाही.

भिवंडीत तर चित्रांवाचून गत्यंतरच नाही. पद्मानगरात तेलुगू, गैबीनगर-निजामपुऱ्यात उर्दू, यंत्रमागाच्या खोल्यांत भोजपुरी आणि हिंदी, काल्हेर-कशेळीत आगरी, तालुक्याच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी. अशा गावात बालवाडीच्या एकाच सतरंजीवर चार घरच्या चार बोली बसतात. त्यांना बाईंची प्रमाण मराठी कळायला वर्ष जाते. चित्र मात्र सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळते. आणि आम्ही त्यांच्यापुढे काय धरतो? अननसाचा ‘अ’ आणि यज्ञाचा ‘य’! ज्या पोराच्या कानात जन्मापासून मागाची खटखट आहे, ज्याने कांडी, धोटा, बीम पाहिले आहेत, सायझिंगची चिमणी रोज दारातून दिसते, त्याच्या गावाचे एकही चित्र त्याच्या तक्त्यावर नाही. ‘बोलक्या भिंती’ नावाचा सरकारी प्रकार तर त्याहून भयंकर. निविदा निघते, ठेकेदार येतो, आणि परदेशी कार्टूनमधला उंदीर वाकड्या तोंडाने भिंतीवर चढतो. असल्या भिंती बोलतात ते एवढेच, की तुमच्यासाठी चांगल्या चित्रकाराला पैसे द्यावेत असे कोणाला वाटले नाही.

हे अज्ञानातून घडत असते तर आम्ही शब्द जपून वापरले असते. पण वाट कधीच दाखवून झालेली आहे, आणि तीही याच जिल्ह्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम मांडले, तेव्हा तो सारा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेणाऱ्या त्या बायकांनी पाने, बिया, शिंपले, खडे हेच साधन मानले. मुलाच्या डोळ्यासमोर जे आहे तेथून सुरुवात करा, हे त्यांचे सूत्र. आम्ही ताराबाईंच्या तसबिरीला हार घालतो आणि सूत्र मात्र अननसाच्या तक्त्याखाली गाडतो.

पुस्तकांचेही तेच. एकच चित्रपुस्तक देशाच्या सर्व भाषांत निघावे, या विचाराने नॅशनल बुक ट्रस्टने 1969 मध्ये नेहरू बाल पुस्तकालय सुरू केले. माधुरी पुरंदरे यांनी जे. जे.मध्ये आणि पॅरिसला चित्रकला शिकून आपली सारी ताकद मराठी मुलांच्या पुस्तकांत ओतली; ‘राधाचं घर’ पाहिलेल्या कोणालाही कळेल, की रोजचे घर रेघेत किती प्रेमाने पकडता येते. (राधाचे घर मध्यमवर्गीय आहे. मागवाल्याच्या मुलीच्या घराचे पुस्तक अजून कोणी काढायचे आहे. तो दोष पुरंदरेबाईंचा नव्हे, बाकीच्या सगळ्यांचा.) आणि 2015 पासून तर प्रथम बुक्सने ‘स्टोरीवीव्हर’वर हजारो सचित्र गोष्टी मुक्त परवान्याने खुल्या केल्या. मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू, सर्व भाषांत. लेखक-चित्रकाराचे नाव द्या आणि हव्या तितक्या प्रती छापा, परवानगीचा कागदसुद्धा नको. म्हणजे महापालिकेने मनात आणले तर एकच गोष्ट, तीच चित्रे, चार भाषांत, केवळ छपाईच्या खर्चात प्रत्येक बालवाडीत पोहोचू शकते. अडले आहे कोठे? पैशापाशी की दानतीपाशी?

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण उद्या ठेका निघाला तर पहिला घात येथेच होईल. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. मराठी पुस्तकात डावीकडून उजवीकडे धावणारी पोर पान उलटण्याच्या दिशेने धावते, म्हणून गोष्ट पुढे जाते. तेच चित्र जसेच्या तसे उर्दू पुस्तकात चिकटवले तर ती पोर गोष्टीच्या उलट दिशेला पळू लागते. आळशी छपाईवाला मग आरशासारखे चित्र फिरवतो, आणि सगळे गाव डावखुरे होते, पाटीवरची अक्षरे उलटी होतात! हे ओळखायला चित्रकाराचा डोळा लागतो. सर्वांत कमी दराच्या निविदेला तो नसतो. आणि उर्दू वाचक दुय्यम समजू नका. राष्ट्रीय उर्दू परिषदेने 2016 मध्ये आपला पुस्तकमेळा याच गावात भरवला होता. भिवंडीत पुस्तकांना गिऱ्हाईक नाही असे म्हणणाऱ्यांनी तो आठवावा.

सर्वांत संतापजनक कथा वारली चित्रांची. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाड्यांवर तांदळाच्या पिठाने रंगणारी माणसे आज कपांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर नाचत आहेत. वारली कलावंतांना सोबत घेऊन मुलांसाठी ‘डू!’ नावाचे देखणे चित्रपुस्तक काढले ते कोणी? चेन्नईच्या तारा बुक्सने! वारली आमचे, पाडे आमचे, मुले आमची. आणि शहाणपण चेन्नईचे. आम्ही त्या आकृत्या उड्डाणपुलाच्या खांबांवर रंगवल्या आणि संस्कृती जपली म्हणून टाळ्या घेतल्या. ज्या मुलीच्या आजीने लग्नाचा चौक लिहिला, तिला ती चित्रे तिच्याच बोलीच्या गोष्टीसह पुस्तकात दिसावीत, हे ना जिल्हा परिषदेच्या डोक्यात आले, ना मराठी प्रकाशकांच्या.

प्रकाशकांचा विषय निघालाच आहे तर तेही ऐकून घ्या. मुलांच्या पुस्तकाचा चित्रकार म्हणजे एकरकमी मानधनावर बोळवण करायचा कारागीर, ही रीत तुमचीच. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक, चित्रकाराचे आत कोठेतरी मुद्रकाच्या पत्त्याशेजारी. फास्टर फेणे म्हणताच भा. रा. भागवतांचे नाव सगळ्यांच्या ओठी येते. त्याला अंगकाठी देणाऱ्या राम वाईरकरांचे किती जणांच्या? आणि आता तर संगणकाला हुकूम सोडून पाच मिनिटांत चित्रे पाडण्याची सोय झाली. सहा बोटांची मुले आणि कोठल्याच गावची नसलेली झाडे छापून तीही ‘संस्कारक्षम’ म्हणून विकली जातील. स्वस्त पडते ना!

एवढे करून एखादे चांगले पुस्तक शाळेत पोहोचलेच, तर त्याचे काय होते? ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते आणि कपाटात जाते. किल्ली मुख्याध्यापकांकडे. समग्र शिक्षा योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला पाच हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यातली पुस्तके तपासणीच्या दिवशी मांडली जातात आणि संध्याकाळी पुन्हा बंद होतात. याला आम्ही शिक्षकांना जबाबदार धरणार नाही. पुस्तक फाटले तर भरपाई कोणाच्या पगारातून, हा त्यांचा धाक खरा आहे. दोष त्या नियमाचा, जो चार वर्षांच्या मुलाच्या हातच्या पुस्तकाला लोखंडी टेबलाच्या रांगेत बसवतो. चित्रपुस्तक हाताळले की मळणार, चघळले जाणार, फाटणार. वर्षभराने ते कोरे सापडले, तर त्या शाळेकडून खुलासा मागवा! चित्रपुस्तकांना खडूसारखी उपभोग्य वस्तू ठरवा, दरसाल निर्लेखन करा, दरसाल नवी घ्या. त्यासाठी कायदा नको, एक परिपत्रक पुरे.

1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सरकारला रोखठोक विचारले होते, की महसूल कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गावर, हा कोठला न्याय? भिवंडीला हा सवाल आजही लागू आहे. लाखो यंत्रमाग आणि मैलोगणती गोदामे ज्यांच्या पाठीवर चालतात, त्यांच्या मुलांसाठी अंदाजपत्रकात चित्रपुस्तकांचे लेखाशीर्ष आहे काय? असेल तर त्यावर किती खर्च झाला, हे आयुक्तांनी जाहीर करावे. नसेल तर येत्या अंदाजपत्रकात ते उघडावे: प्रत्येक अंगणवाडी आणि बालवाडीत, मुलाच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर, कुलूप नसलेली फळी, चार भाषांतली पुस्तके, आणि तालुक्यातल्या वारली-कातकरी चित्रकारांकडून, योग्य मोबदला देऊन आणि मुखपृष्ठावर नाव छापून, करून घेतलेली निदान काही पुस्तके. जिल्हा परिषदेने पाड्यांसाठी तेच करावे. गोदामवाल्यांनी आपल्या आवारात कामगारांच्या मुलांसाठी एक फळी लावावी. जागेची अडचण सांगणे त्यांना तरी शोभणार नाही.

‘यात मजकूर चार ओळींचा, मग एवढी किंमत कशाची?’ असा शेरा मारून लेखा विभाग ही फाईल परत पाठवील, हे आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो. हा ठराव जो सभागृहात मांडील त्याचे नाव आम्ही पहिल्या पानावर छापू. आणि ज्या टेबलावर फाईल अडेल, त्या टेबलामागच्या साहेबांचेही, हुद्द्यासकट.