तणावमुक्तीचा सोयीस्कर अर्थ

दुःखाने वा काळजीने खचलेल्या माणसास ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु छाती धडधडत असता उपदेश ऐकावयाचा कोणी? भीतीच्या क्षणी शरीर लढण्याच्या वा पळण्याच्या तयारीस लागते, हे वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्येच मांडले. साहेबांच्या तंबीलाही मज्जासंस्था वाघच समजते! तिला शांत करण्याचा एक मार्ग श्वासातून जातो. उच्छ्वास संथ व दीर्घ केला, की ‘व्हेगस’ मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते. लोणावळ्यास १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांना प्रयोगशाळेत आणले, ते उगीच नव्हे.

मात्र शिक्षकांना तणावमुक्तीच्या शिबिरास धाडावयाचे आणि परतताच त्यांच्यापुढे माहितीचे नवे तक्ते टाकावयाचे, हा प्रकार हास्यास्पद आहे. धोका कायम ठेवून धडधड थांबवा म्हणण्यासारखेच हे. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकांना जुंपण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केली आहे. तिचे पालन आधी व्हावे. प्राणायामाचे वर्ग मग खुशाल भरवावेत.