घरचं यंत्र-तंत्र : पाच मिनिटांनी भागत नाही

मंडळी, ग्वाल्हेरला थंडी पडली की आमच्या लष्कर भागात दोन दृश्यं हमखास दिसतात. गच्चीवर उन्हाला टाकलेल्या रजया आणि गल्लीत बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी. मागच्या जानेवारीत ती गाडी आमची होती, आणि वेळ होती रात्री दीडची.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं दीड महिना पुण्याला होतो. नाना, म्हणजे माझे सासरे, इकडेच राहिले. स्वयंपाकाच्या मावशी होत्या, शेजार होता. निघताना ह्यांनी सांगून ठेवलं, "नाना, दर रविवारी गाडी पाच मिनिटं चालू करा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही." नानांनी एकही रविवार चुकवला नाही. कानटोपी घालून खाली उतरायचे, घड्याळ लावून पाच मिनिटं इंजिन चालवायचे आणि मग फोन करायचे, "झालं तुमचं काम."

आम्ही परतल्यावर तिसऱ्याच रात्री नानांना धाप लागली. त्यांना गाडीत बसवलं, किल्ली फिरवली, तर नुसती टिकटिक. शेवटी समोरच्या काकांना उठवलं. धुक्यातून त्यांनीच आम्हाला दवाखान्यात नेलं. नाना दोन दिवसांनी घरी आले आणि पहिला प्रश्न विचारला, "सूनबाई, माझं काही चुकलं का गं?"

नानांचं काहीच चुकलं नव्हतं. चुकीचं आम्ही सांगितलं होतं.

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म थोडी थोडी वीज घेतच राहतात. समजा ३० मिलिअँपिअर. दिवसाला होतात ०.७२ अँपिअर-तास, आणि ४५ दिवसांत सुमारे ३२. लहान गाडीची बॅटरीच मुळी ३५ अँपिअर-तासांची! पाच मिनिटं इंजिन चालवल्यानं स्टार्टरनं ओढलेली वीज भरून निघते, वर थोडीशीच जमा होते. आठवडाभराची गळती काही भरत नाही. त्यात थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिनचं ऑइल घट्ट झाल्यानं स्टार्टरला मेहनत जास्त पडते.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. मग रात्रभर चार्जिंग करूनही ती पहिल्यासारखी होत नाही. आमची तशी चार वर्षांची जुनी होती. बदलावीच लागली.

तुमच्यापैकी बरेच जण नोकरीनिमित्त बाहेर आहात आणि आई-बाबांची गाडी इकडे दारात उभी आहे. म्हणून हे नीट वाचा.

गाडी आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी रस्त्यावर चालवता येत असेल, तर उत्तम. ते जमणार नसेल, तर निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या आणि तिची काळी, म्हणजे वजा बाजूची तार सोडवून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. आधी काळीच सोडायची. लाल सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. दोन्ही तारा सोडवल्या असतील, तर जोडताना आधी लाल, मग काळी. तार काढल्यावर रिमोट चालत नाही, तेव्हा दार किल्लीनं लावा. नव्या गाडीत बरीच इलेक्ट्रॉनिक्स असतात, तिथे आधी गाडीचं पुस्तक पाहा.

एक साधा मल्टिमीटर घरात असू द्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा.

घर कुलूपबंद करणार असाल, तर इन्व्हर्टरच्या बॅटरीकडेही पाहा. आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, नळाचं पाणी अजिबात नको. मग पूर्ण चार्ज करा, इन्व्हर्टर बंद करा आणि तारा काढून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी कुणाकडून तरी पुन्हा चार्ज करवून घ्या. चार्जिंग होताना त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीत हवा खेळती हवी आणि जवळ देवाचा दिवा किंवा उदबत्ती नको.

यंदा डिसेंबरात नातवाच्या वाढदिवसाला आम्ही पुन्हा पुण्याला जाणार आहोत. समोरच्या काकांकडे गाडीची किल्ली दिली आहे. दर रविवारी ते नानांना शेजारी बसवून मुरारपर्यंत चक्कर मारून आणणार आहेत. निघण्याआधी आकडा बघायचं काम नानांचं. मल्टिमीटर त्यांच्याच टेबलावर ठेवला आहे, चष्म्याच्या घराशेजारी.

कालच मला हाक मारून म्हणाले, "सूनबाई, बारा पॉइंट सहा. लिहून ठेव."