शेजारधर्म आणि बारा गुण

दर वर्षी मे महिन्यात युरोव्हिजनची गाण्यांची स्पर्धा होते आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तेच जुने रडगाणे सुरू होते. सायप्रसचा निवेदक पडद्यावर आला की त्याच्या देशाचे सर्वाधिक, म्हणजे बारा, गुण कुठे जाणार हे सभागृहाला आधीच ठाऊक असते. तो ‘ग्रीस’ म्हणतो न म्हणतो तोच हुर्यो उठते. रोमानिया मोल्दोवाला देणार, स्कँडिनेव्हियातले देश आपापसांत वाटून घेणार, जुन्या युगोस्लाव्हियाच्या तुकड्यांचे तर काय, अहो रूपम् अहो ध्वनिः. मग सवाल येतो, की ही गाण्यांची स्पर्धा आहे की सोयरिकीचा बाजार? सवाल करणारा बहुधा लंडनचा किंवा बर्लिनचा असतो आणि त्याचा गायक बहुधा तळाशी असतो, हा भाग वेगळा.

मी या स्पर्धेचा चाहता आहे. आपल्या घड्याळाप्रमाणे अंतिम फेरी सुरू होते रात्री साडेबाराला आणि गुणवाटपाची वेळ येईपर्यंत साडेतीन वाजलेले असतात. एवढे जागरण करून जे पाहायचे, ते लबाडी आहे असे कोणी सांगू लागला तर त्याला उत्तर देणे भाग आहे. पण आधी पूर्वपक्षाला त्याचे माप पुरते घालू.

पूर्वपक्ष असा. १९९७ साली पाच देशांत प्रेक्षकांना फोनवरून मत देण्याची मुभा मिळाली, पुढच्या वर्षी ती जवळजवळ सगळीकडे पसरली. त्याच सुमारास पूर्व युरोपातले नवे देश स्पर्धेत येत होते. परिणाम २००७ साली हेलसिंकीत दिसला. उपांत्य फेरीतून पुढे गेलेल्या दहा देशांत पश्चिम युरोपातला एकही नव्हता आणि अंतिम फेरीत सर्बिया, युक्रेन, रशिया, तुर्कस्तान हे पहिले चार. पुढच्या वर्षी रशिया जिंकला, ब्रिटनचा अँडी अब्राहम १४ गुणांवर अडकला, आणि वर्षानुवर्षे बीबीसीवरून या स्पर्धेचे समालोचन करणाऱ्या टेरी वोगन यांनी ही आता संगीताची स्पर्धा उरली नाही असे म्हणत माइक खाली ठेवला. आकडेशास्त्रज्ञांनीही गुणांचे तक्ते चाळून दाखवले, की काही देश काही देशांना सातत्याने झुकते माप देतात. तेव्हा उपाय एकच. सामान्य प्रेक्षकाच्या हातून मत काढा, किंवा निदान त्याच्या डोक्यावर जाणकार परीक्षक बसवा.

यातले एक विधान मला बिनशर्त मान्य आहे. मतांना भूगोल असतो. त्यावरून काढलेला एकही निष्कर्ष मात्र मान्य नाही.

पहिली गोष्ट, ही म्हणे फोन आल्यानंतरची आणि पूर्वेकडचे आल्यानंतरची कीड. तर मग १९६३ साल पाहा. तेव्हा ना फोनची मते होती, ना सोव्हिएत गटातला कोणी स्पर्धेत होता. लंडनमध्ये गुणवाटप चालले असताना नॉर्वेच्या प्रतिनिधीने गुण रीतसर सांगितले नाहीत, म्हणून त्याला शेवटी पुन्हा विचारायचे ठरले. पुन्हा विचारले तेव्हा त्याचे गुण बदललेले होते, आणि त्या बदलाने स्वित्झर्लंडला मागे टाकून ४२ विरुद्ध ४० असा जिंकला कोण? नॉर्वेचा शेजारी डेन्मार्क. परीक्षकांच्या त्या सोवळ्या काळातला हा किस्सा ‘पूर्वी कसे सगळे स्वच्छ होते’ म्हणणाऱ्यांच्या तोंडी कधी येत नाही.

त्याहून मोठा पक्षपात तर नियमातच लिहिलेला होता. १९७७ ते १९९८ या काळात प्रत्येक देशाने आपल्याच भाषेत गायचे अशी सक्ती होती. म्हणजे फिनलंडच्या गायकाने फिनिशमध्ये गायचे, तुर्कस्तानच्या गायकाने तुर्कीत, आणि ब्रिटन, आयर्लंड व माल्टा यांनी मात्र खुशाल अख्ख्या युरोपला कळणाऱ्या इंग्रजीत. १९९२ साली माल्मोमध्ये पहिले तीन क्रमांक कोणाचे आले? आयर्लंड, ब्रिटन, माल्टा. याच क्रमाने. १९९२ ते १९९७ या सहा स्पर्धांपैकी चार आयर्लंडने आणि एक ब्रिटनने जिंकली. इंग्रजी गाणाऱ्यांचा गट आहे, तो मोडून काढा, असे तेव्हा लंडनने म्हटले नाही. आयर्लंडकडे गाणारे गळेच तसे आहेत, असे म्हटले गेले. असतीलही. पण मग बेलग्रेडकडेही असू शकतात एवढे तरी कबूल करा.

आता मुख्य आरोप, की शेजारी जिंकून देतात. येथे बेरीज करावी लागते आणि ती फार अवघड नाही. २०१६ पासून प्रत्येक देश परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे असे दोन स्वतंत्र संच देतो. म्हणजे एका शेजाऱ्याने जीव ओवाळून टाकला तरी २४ गुण मिळतात. पाच शेजाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सगळे ओतले तरी १२०. आणि २०१७ चा विजेता पोर्तुगालचा साल्वादोर सोब्राल, त्याचे गुण किती? ७५८. पोर्तुगालला जमिनीवरून लागून असलेला शेजारी एकच, स्पेन. पोर्तुगाल १९६४ पासून स्पर्धेत होता आणि सहाव्या क्रमांकाच्या वर कधी गेला नव्हता. शेजार तोच, भूगोल तोच, भाषाही पोर्तुगीजच. बदलले ते फक्त गाणे, जे सोब्रालच्या बहिणीने लिहिले होते. परीक्षक आणि प्रेक्षक दोघांनीही त्याला पहिले ठेवले.

‘आमच्यावर सगळा युरोप जळतो’ या ब्रिटिश तक्रारीचे औषध तर ब्रिटननेच करून ठेवले आहे. २०२१ साली जेम्स न्यूमनला परीक्षकांकडून शून्य, प्रेक्षकांकडून शून्य. पुढच्याच वर्षी सॅम रायडर ४६६ गुणांनी दुसरा आला, परीक्षकांच्या यादीत तर पहिला. बारा महिन्यांत युरोपचे राजकारण एवढे पालटले म्हणायचे, की पहिले गाणे पडेल होते आणि दुसरे चांगले? ऑस्ट्रियाने २०१४ साली कोंचिता वुर्स्टच्या जोरावर स्पर्धा जिंकली आणि २०१५ साली व्हिएन्नात, स्वतःच्या अंगणात, शून्य घेतले. त्याच वर्षी जर्मनीलाही शून्य. म्हणजे जर्मन बोलणाऱ्या या दोन देशांनी एकमेकांनाही काही दिले नाही! मार्ता ब्लँजार्दो आणि जानलुका बायो या लंडनमध्ये काम करणाऱ्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २०१४ साली या मतांचा अभ्यास छापला. त्यांना कोणाविरुद्ध आकस दिसला नाही. काही जोड्यांत माया दिसली, तीही बेताची.

आणि ज्या सर्बियावर सगळ्यांचा राग, त्या २००७ च्या विजयाकडेही जरा जवळून पाहू. मारिया शेरिफोविचचे ‘मोलित्वा’ सर्बियन भाषेत होते. मंचावर ना आगीचे फवारे, ना कपडे फाडण्याचे चाळे. एकूण गुण २६८. बॉस्निया, क्रोएशिया, मॅसिडोनिया, मॉन्टेनिग्रो आणि स्लोव्हेनिया या पाचांनी प्रत्येकी बारा दिले, म्हणजे ६०. ते सगळे वजा केले तरी २०८ उरतात. तिसऱ्या आलेल्या रशियाच्या पूर्ण २०७ पेक्षा एक जास्तच. दुसऱ्या आलेल्या युक्रेनच्या २३५ पेक्षा ते कमी पडतात, हे खरे. पण मग युक्रेनच्याही शेजाऱ्यांचे गुण वजा करा, एकाच्याच ताटातले का काढता? शिवाय बारा गुण देणाऱ्यांत फिनलंडही होता, हंगेरीही होता. फिनलंडचे आणि सर्बियाचे नाते कोणत्या पंचांगात बसते?

शेजाऱ्यांचे मत काहीच करत नाही असे माझे म्हणणे नाही. दहावा की सोळावा, उपांत्य फेरीतून सुटका होते की घरी परतावे लागते, येथे त्याचा हात लागतो. त्यावर २००८ पासून साधी तोड काढलेली आहे. एकमेकांना मते देणाऱ्या देशांची टोपल्यांत विभागणी करून त्यांना चिठ्ठ्या टाकून दोन उपांत्य फेऱ्यांत पांगवतात. पुरे आहे तेवढे.

खंडन झाले. आता मला काय म्हणायचे आहे ते.

शेजाऱ्याला दिलेले मत हा पक्षपात नाही, तो ऐकण्याच्या सवयीचा हिशेब आहे. झेल्को योक्सिमोविच हा सर्बियाचा संगीतकार. २००४ साली तो स्वतः गाऊन दुसरा आला. २००६ साली बॉस्नियासाठी हारी माता हारी या बँडने गायलेले ‘लेयला’ त्याने रचले. ते तिसरे आले. २००८ चे सर्बियाचे गाणे त्याचे, २०१५ चे मॉन्टेनिग्रोचे त्याचेच. एकच माणूस तीन देशांच्या झेंड्यांखाली चाली बांधतो, त्या तिन्ही देशांत त्याच्या चाली आवडतात, आणि तुम्ही त्याला कट म्हणता? या तिन्ही देशांतल्या लोकांनी युगोस्लाव्हियात एकत्र असताना एकच रेडिओ ऐकला होता. १९९३ साली बॉस्नियाच्या सारायेव्होला सर्ब फौजांचा वेढा पडलेला असताना तिथले परीक्षक खरखरत्या फोनवरून गुण सांगत होते आणि आयर्लंडमधले सभागृह त्या नुसत्या आवाजाला टाळ्या वाजवत होते. चौदा वर्षांनी त्याच बॉस्नियाच्या घराघरांतून सर्बियाच्या गायिकेला बारा गुण जातात. मला ती शेजाऱ्यांची मिलीभगत वाटत नाही. कोणत्याही सरकारला हुकूम काढून जे करता आले नसते, ते तिथे लोक आपल्या पैशांनी फोन लावून करत होते.

व्हिक्टर गिन्सबर्ग आणि अब्दुल नूरी या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली नेमका हाच प्रश्न विचारला होता, की हे मतदान राजकीय की सांस्कृतिक. त्यांचे उत्तर भाषा आणि संस्कृतीच्या जवळिकीकडे झुकले. मला त्यांच्या गणितापेक्षा २०१६ चा निकाल जास्त बोलका वाटतो. युक्रेनची जमाला स्टालिनने १९४४ साली केलेल्या क्रिमियन तातारांच्या हद्दपारीवर गात होती. रशियाने क्रिमिया गिळून दोन वर्षे झाली होती. राजकारणाने मते ठरत असती तर या दोन देशांनी एकमेकांकडे ढुंकूनही पाहिले नसते. परीक्षकांनी पाहिलेही नाही. दोन्हीकडच्या परीक्षकांचे एकमेकांना शून्य. पण युक्रेनच्या प्रेक्षकांनी रशियाच्या गायकाला बारा दिले आणि रशियाच्या प्रेक्षकांनी जमालाला दहा. जाणकार सरकारी बाकावर बसले होते, घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाने गाणे ऐकले.

भूगोलाइतकेच स्थलांतरही या मतांत बोलते. तुर्कस्तान २०१२ पर्यंत स्पर्धेत होता, तोवर १९६१ च्या करारानंतर कामगार म्हणून जर्मनीत गेलेल्या तुर्कांची नातवंडे त्याला फोन करत. पोलंड २००४ मध्ये युरोपीय संघात आल्यावर लाखो पोलिश लोक ब्रिटनला गेले. २०१४ साली पोलंडने मंचावर लोणी घुसळणाऱ्या बायका उभ्या केल्या. गाणे बाष्कळ होते, माझ्या मते तरी. ब्रिटनच्या प्रेक्षकांनी ते पहिल्या क्रमांकावर ठेवले, ब्रिटनच्या परीक्षकांनी शेवटच्या, आणि दोन्ही एकत्र करण्याच्या तेव्हाच्या पद्धतीने पोलंडच्या पदरी ब्रिटनकडून शून्य पडले. लंडनमधल्या पोलिश गवंड्याचे, परिचारिकेचे मत हे ब्रिटनचे मत नव्हे काय? कर भरताना ते ब्रिटनचे, रुग्णालयात रात्रपाळी करताना ब्रिटनचे, आणि गाणे निवडताना तेवढे उपरे?

बरे, शेजाऱ्यांच्या मताला दोष देणारे स्वतः काय करतात? २००८ साली अँडी अब्राहमला जे १४ गुण मिळाले त्यांतले ८ आयर्लंडचे होते. २०११ साली डब्लिनच्या जेडवर्ड या जुळ्यांना ब्रिटनने बारा दिले. तिथे तो शेजारधर्म होतो, पूर्वेकडे गेला की त्याला गटबाजी म्हणायचे.

राहिला तज्ज्ञांचा उतारा. परीक्षक २००९ मध्ये अंतिम फेरीत परत आणले ते शेजारमाया निपटण्यासाठीच. २०२५ पर्यंत देशागणिक माणसे पाच असत. पाच माणसांना फोन करायला किती वेळ लागतो? २०२२ साली दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांच्या मतांत संशयास्पद सारखेपणा सापडला आणि त्यांचे गुण रद्द करून हिशेबाने काढलेले गुण घालावे लागले. ते सहा देश म्हणजे अझरबैजान, जॉर्जिया, मॉन्टेनिग्रो, पोलंड, रोमानिया आणि सान मारिनो. सान मारिनो कुठे, अझरबैजान कुठे! या दोघांची ना भाषा एक, ना सीमा, ना रेडिओ. शेजार नसतानाचे साटेलोटे म्हणतात ते हेच, आणि ते लाखो प्रेक्षकांत नव्हे, मूठभर तज्ज्ञांत सापडले. दुसरीकडे २००९ साली अझरबैजानमधून शेजारच्या शत्रूला, आर्मेनियाला, ४३ मते गेली तेव्हा बाकूत काही मतदारांना बोलावून जाब विचारला गेला. सत्तेला कोणत्या मताची भीती वाटते ते यावरून कळावे.

चिंता करायचीच तर ती वेगळ्या ठिकाणी आहे. एका माणसाला एका रात्रीत वीस मते देता येत होती. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या आमच्यासारख्यांनाही कार्डाने पैसे भरून मत देता येते आणि ती सगळी मते मिळून एका देशाइतकी धरतात. चांगली सोय आहे. पण ज्याच्याकडे चीड किंवा निष्ठा आहे त्याची वीस मते आणि ज्याला एक गाणे आवडले त्याचे एक, असा हा सौदा होत असे. २०२५ साली इस्रायलच्या सरकारी यंत्रणेने आपल्या गायिकेला वीसही मते द्या असा जाहिरातींचा मारा केला. प्रेक्षकांच्या मतांत इस्रायल २९७ गुणांनी पहिला आला, परीक्षकांकडे त्याला ६० होते. त्यातली किती मते मनापासूनची होती हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि या पद्धतीचा दोषही तोच आहे. सायप्रसच्या घरांतून ग्रीसला जाणारे मत कोणी जाहिरात देऊन मागवलेले नसते.

त्यानंतर २०२६ साठी वीसाची मर्यादा दहावर आणली आणि सरकारी प्रचाराला आळा घालण्याचे नियम केले. दहा तरी कशाला? एका माणसाला एक मत द्या आणि शेजाऱ्यांना त्यांचे बारा गुण सुखाने देऊ द्या. अडचण एवढीच, की बहुतेक देशांत प्रत्येक मताला पैसे पडतात, आणि दहाचे एक केले तर दहा मते देणाऱ्यांकडून गल्ल्यात येणारेही दहाचे एक होतील.