तिसावा संघ

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. त्यांतले २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम लढत, खेळून आलेत. कुणी जिंकलं, कुणी हरलं, पण तिथवर पोचले तरी. तिसावा संघ आमचा, सिॲटल मरिनर्स. १९७७ साली सुरू झाला आणि अजून पाटी कोरी आहे.

‘यांकीज का नाही धरत? सत्तावीस वेळा जिंकलेत,’ असं माझे पुण्याचे दीर दर भेटीत विचारतात. आता रेडमंडला राहायचं आणि सिॲटलला नोकरी करायची, तर संध्याकाळी घरी येताना ५२०च्या पुलावर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. गाडीत रेडिओ आणि रेडिओवर डेव्ह नीहाऊस. अगदी पहिल्या हंगामापासून २०१०मध्ये जाईपर्यंत हा माणूस मरिनर्सचं समालोचन करत होता. मला सुरुवातीला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या कानाला तो आवाज घरातला वाटला. फरक एवढाच की बाळ पंडितांचा संघ अधूनमधून जिंकायचा.

तसे मरिनर्सही एकदा जिंकले होते, तेही असे की विचारू नका. २००१मध्ये १६२पैकी ११६ सामने. १९०६च्या शिकागो कब्जशी बरोबरी करणारा हा विक्रम. पुढे बाद फेरीत यांकीजनी घरी पाठवलं आणि मग एकवीस वर्षं बाद फेरीचं तोंडच दिसलं नाही. उत्तर अमेरिकेतल्या चारही मोठ्या खेळांत शेवटी शेवटी एवढा लांब उपास दुसऱ्या कुणाचा उरला नव्हता.

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचे फार हाल होतात, असं लोकांना वाटतं. साफ खोटं. २००८मध्ये आम्ही १०१ सामने हरलो. दहा कोटी डॉलरहून जास्त पगार वाटून शंभर सामने हरणारा तो पहिला संघ. २०१०मध्ये परत १०१. २०११मध्ये सलग १७. अशा वर्षी मे महिन्यातच सगळं आटोपतं आणि पुढचे चार महिने माणूस निवांत असतो. मैदानात जायचं ते इचिरो सुझुकीला बघायला. तो खेळायला उभा राहिला की उजव्या हातातली बॅट पिचरच्या रोखानं सरळ उभी धरायचा आणि डाव्या हाताच्या चिमटीत उजव्या खांद्यावरची बाही धरून किंचित वर ओढायचा. झालं, मग चेंडू कुठे जाईल ते तोच ठरवायचा. २००४मध्ये त्यानं २६२ हिट्स घेतल्या आणि जॉर्ज सिसलरचा १९२०पासूनचा २५७चा विक्रम मोडला. त्या वर्षी संघ ९९ सामने हरला होता. आम्हाला त्याचं काही नव्हतं.

फेलिक्स हर्नांडेझचं मात्र मनाला लागतं. २०१०मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला, तेव्हा त्याच्या नावावर १३ विजय आणि १२ पराभव होते, कारण तो टाकायचा आणि आमचे फलंदाज बघत राहायचे. १५ ऑगस्ट २०१२ला त्यानं परफेक्ट गेम टाकला. सत्तावीस फलंदाज आले, सत्तावीस परत गेले, एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवता आला नाही. त्या दिवशीसुद्धा आमच्या मंडळींनी त्याला एकच धाव काढून दिली. पंधरा हंगाम तो इथे राबला आणि बाद फेरीत एक चेंडू टाकायला मिळाला नाही. २०१९च्या सप्टेंबरात त्याच्या निरोपाच्या सामन्याला पिवळे टी-शर्ट घातलेली माणसं उभी राहून रडत होती. मीही होते त्यांत.

खरा त्रास सुरू झाला तो संघ बरा खेळायला लागल्यावर.

२०२१मध्ये शेवटच्या दिवशी संधी हुकली. २०२२मध्ये ३० सप्टेंबरला ओकलंडविरुद्ध १-१ बरोबरी, नववा डाव, दोन बाद, आणि बदली फलंदाज म्हणून आलेल्या कॅल रॅलीनं होम रन मारून एकवीस वर्षांचा उपास सोडला. (चाहते त्याला ‘बिग डम्पर’ म्हणतात. का, ते आईला सांगितलेलं नाही.) पुढच्याच आठवड्यात टोरांटोला सामना होता आणि आम्ही ८-१ मागे. तेव्हा सिॲटलच्या मैदानात मोठ्या पडद्यावर सामना बघणाऱ्या हजारो लोकांनी पायातले बूट काढून डोक्यावर ठेवले. नशीब फिरावं म्हणून. ते बघून माझ्या लेकीनं चप्पल डोक्यावर घेतली, पाठोपाठ नवऱ्यानं. आई तेव्हा सांगलीहून आलेली.

‘अगं, डोक्यावर पायताण? अशानं लक्ष्मी येते का घरात?’

आठव्या डावात ९-९ झालं. लेकीची मान अवघडली म्हणून ती चप्पल उतरवायला लागली, तर आईच ओरडली, ‘आता काढू नकोस गं!’ १०-९नं जिंकलो. आता सांगलीहून फोन आला की तब्येतीच्या आधी चौकशी होते ती ‘तुझी माणसं’ जिंकली का याची.

पुढच्या फेरीत ह्यूस्टन. सिॲटलमध्ये २००१नंतरचा पहिलाच बाद फेरीचा सामना. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा, पण बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत चालूच राहतो. तो अठरा डाव चालला, सहा तास बावीस मिनिटं. सतरा डावांत कुणाचीही धाव नाही. अठराव्यात ह्यूस्टनचा एक होम रन. ०-१. मालिका संपली. दुपारी एकला आत गेलेली माणसं काळोखात बाहेर पडली.

२०२३मध्ये आणि २०२४मध्ये, दोन्ही वेळा एकेका विजयानं बाद फेरी हुकली. २०२३च्या हंगामानंतर संघाच्या क्रिकेट-भाषेत निवड समितीप्रमुख म्हणावेत अशा गृहस्थांनी पत्रकारांना गणित समजावलं: दहा वर्षांत सरासरी ५४ टक्के सामने जिंकणारा संघ बहुधा वर्ल्ड सिरीज गाठतोच. वर, चाहत्यांना धीर धरायला सांगण्यात त्यांचंच भलं आहे, असंही सुचवलं. आमच्या घरात ५४ टक्के म्हणजे सेकंड क्लास. गुणपत्रिका वडिलांपुढे नेताना आधी आईला पुढे करावं लागायचं. गणित चूक नसेलही. पण तिकिटाचे पैसे भरणाऱ्याला हे तोंडावर सांगायचं नसतं. पैसे मोजून एखादा चांगला फलंदाज आणला असता तर तो एक सामना निघाला असता, हे माझं मत आजही कायम आहे.

आणि मग २०२५.

कॅल रॅलीनं ६० होम रन मारले. आणि तो कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकच. रात्रभर उकिडवं बसून चेंडू झेलायचे आणि वर फटकेबाजीही करायची. याआधी कुठल्याही कॅचरला पन्नासही जमले नव्हते. सप्टेंबरात संघ डगमगायला लागला, तेव्हा एका चाहत्यानं इंटरनेटवरून थोड्या डॉलरांत एका चेटकिणीला मंत्र घालायला सांगितलं. त्यानंतरच्या अठरा सामन्यांपैकी सतरा जिंकले आणि २००१नंतर पहिल्यांदा विभागाचं अजिंक्यपद आलं. आमच्या ऑफिसातले पीएच.डी.वालेही त्या बाईबद्दल आदरानं बोलायला लागले. मी तोवर गणपतीला नवस बोलून बसले होते, त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद आमच्याकडे मिटलेला नाही.

नवसाच्याच गोष्टी चालल्यात तर हम्पीचंही सांगते. सिॲटलच्या मैदानात सामन्याच्या मध्ये सॅमन माशांचे पोशाख घातलेले चौघे शर्यत लावतात. त्यांतला हम्पी जन्मात कधी जिंकला नव्हता. रोज काहीतरी घोळ घालून हरायचा. १० ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्ध निर्णायक सामन्यात हम्पी पहिला आला. अख्खं मैदान उठून नाचलं. आणि पंधराव्या डावात होर्हे पोलान्कोच्या फटक्यावर आम्ही ३-२नं जिंकलो.

राहिला टोरांटो. पहिले दोन सामने आम्ही त्यांच्याच घरात जिंकले, पुढे ३-२ अशी आघाडी होती, सहावा हरलो. सातवा आला सोमवारी, २० ऑक्टोबरला. आमच्याकडच्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन त्याच संध्याकाळी. सामना पाचला सुरू, सूर्यास्त सहाच्या सुमाराला. नवऱ्यानं निमूटपणे चौरंग टीव्हीच्या खोलीत आणला. कॅलचा होम रन गेला तेव्हा आरती चालू होती, आणि टाळ्या कशासाठी वाजताहेत ते लक्ष्मीलाही कळलं नसेल. ३-१. लेकीनं हातातला अनारसा तसाच धरून ठेवला होता, कारण तो खायला घेतला तेव्हा ज्युलिओ रॉड्रिगेझनं होम रन मारला होता. वर्ल्ड सिरीज आठ आउट लांब होती.

सातवा डाव, दोन धावपटू बेसवर, समोर जॉर्ज स्प्रिंगर. अशा वेळी आपला हुकमी पिचर आणायचा असतो. आंद्रेस मुन्योस तिकडे बसून होता. प्रशिक्षकांनी आणलं एदुआर्द बझार्दोला, आणि स्प्रिंगरनं त्याचा चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत धाडला. ४-३. तोच शेवटचा आकडा. मुन्योस का नाही, हे मी त्या रात्रीपासून विचारतेय. आमच्या मित्रमंडळींत ऐकून घ्यायला आता कुणी उरलेलं नाही.

सांगलीचा फोन आला. ‘हरली ना गं? मला वाटलंच. तू जेवलीस का?’

पुढे टोरांटोही वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात अकराव्या डावात डॉजर्सकडून हरलं. मला वाईट वाटलं असं खोटं कशाला सांगू.

हिवाळ्यात पोलान्को न्यूयॉर्कच्या मेट्सकडे गेला, त्याचं दुःख झालं. जॉश नेलरला मात्र पाच वर्षांसाठी ठेवून घेतलं, म्हणजे खिशात हात गेला तर. कॅल आहे, ज्युलिओ आहे, पिचिंग लीगमध्ये कुणाहून कमी नाही. २०२६ची दिनदर्शिका भिंतीवर लावताना मी आधी नोव्हेंबरचं पान उघडलं. लक्ष्मीपूजन ८ तारखेला आहे. तोवर वर्ल्ड सिरीज संपलेली असेल.