आईच्या मशीनचा फोटो

आमच्या घरात फोटो पुष्कळ आहेत. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या गॅदरिंगचे. परंतु ज्या शिलाई मशीनवर आईने आम्हा चौघा भावंडांच्या वह्यापुस्तकांचे पैसे उभे केले, त्याचा एकही फोटो नाही. घरात जागा नाही म्हणून गेल्या महिन्यात मशीन भंगारात काढायचे ठरले, तेव्हा हे ध्यानात आले. आई काही बोलली नाही. नुसती फळीवर हात फिरवत राहिली.

म्हटले, निदान फोटो तरी काढून ठेवू. मोबाईलचा फ्लॅश मारला. चाकावर पांढरा डाग, भिंतीवर काळी सावली आणि मशीन अगदी चपटे! मुलगी म्हणाली, "पप्पा, आजीचं मशीन असं नाही दिसत." खरेच होते. समोरून पडणारा उजेड सगळे सपाट करतो. खाचखळगे दिसायचे तर उजेड बाजूने यावा लागतो.

मग लेकीनेच युक्ती सांगितली. रात्री दिवे घालवले, खिडकीवर चादर टाकली, मशीनमागे काळी साडी टांगली. मोबाईल डब्यांवर घट्ट टेकवून ठेवला. आयएसओ 100 आणि शटर 15 सेकंद उघडे राहील असे केले. बोट लागून मोबाईल हलू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर लावला. बॅटरीच्या तोंडावर बटर पेपर बांधला, म्हणजे उजेड मऊ पडतो. शटर उघडले की बॅटरी एका बाजूने, फळीला जवळजवळ घासून, सावकाश फिरवत राहायची. हात थांबला तर तिथे डाग पडतो. शेवटचे 2 सेकंद मागून चाकाच्या कडेवर उजेड द्यायचा. काळे चाक काळ्या साडीत हरवत नाही. बॅटरीचे तोंड मात्र मोबाईलकडे वळू द्यायचे नाही. शटर उघडे असेपर्यंत कॅमेरा पडेल तो उजेड साठवत जातो. आपण अंधारात हलत असतो, म्हणून फोटोत उमटत नाही.

ही रीत जुनी आहे. अमेरिकेत गिलब्रेथ पती-पत्नींनी 1910 च्या दशकात कामगारांच्या हातांना बारीक दिवे बांधून कामातल्या हालचालींच्या उजेडाच्या रेघा फोटोत टिपल्या होत्या. साध्या वस्तूचे म्हणाल, तर एडवर्ड वेस्टन या नामांकित छायाचित्रकाराने 1925 साली मेक्सिकोत आपल्या घरातल्या संडासच्या भांड्याचे फोटो काढले. ते आज कलेत गणले जातात. मग आमच्या मशीनने काय घोडे मारले?

सहाव्या खेपेला फोटो साधला. फळीवर आईचा डावा हात टेकून टेकून पडलेला खळगा दिवसाउजेडी आम्हाला कधी दिसला नव्हता. तो फोटोत उठून दिसला. आईने चष्मा लावला, एका ओरखड्यावर बोट ठेवले. "ही कात्री निसटली होती. तुझा शाळेचा पहिला शर्ट बेतत होते."

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला. कॉट एक हात सरकवली, जागा झाली.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादा स्टोव्ह असेल, कोळशाची इस्त्री असेल, जाते असेल. ज्या हातांनी ते चालवले ते हात आहेत तोवर एक रात्र दिवे घालवा आणि बॅटरी हाती घ्या. फोटो निघाला की त्यांच्याजवळ बसून ऐका.