गाव बदलले, आता मैलांची वहीही बदला

व्यापारासाठी गाव सोडणे आपल्या लोकांना नवे नाही. सोलापूरचा कापडवाला हैदराबादेत पेढी काढतो, कोकणातला माणूस दुबईत दुकान मांडतो, आणि धारावीतला चामड्याचा कारागीर जागेचे भाडे परवडेना म्हणून पुण्याची वाट धरतो. गाव बदलताना दुकानाचा परवाना, बँकेचे खाते, मुलांची शाळा हे सारे आठवणीने बदलले जाते. एक वही मात्र जुन्याच पत्त्यावर पडून राहते. ती म्हणजे विमान कंपनीच्या मैलांची वही.

हा विषय बड्या शेठ लोकांचा, आपला नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. पण आज चेन्नईच्या चर्मोद्योग मेळ्याला नमुन्यांची पेटी घेऊन जाणारा छोटा कारखानदारही विमानानेच जातो. कारण रेल्वेत घालवलेले दोन दिवस त्याला तिकिटापेक्षा महाग पडतात. वर्षाकाठी आठ-दहा फेऱ्या झाल्या की त्या पैशाचा हिशेब ठेवणे भागच आहे.

आधी ही योजना म्हणजे काय ते पाहू. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ साली आपल्या नेहमीच्या प्रवाशांच्या नावे मैल जमा करण्यास सुरुवात केली. ठरावीक मैल साठले की एक तिकीट मोफत, अशी ती कल्पना होती. पुढे जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खासगी विमान कंपन्या आल्या आणि हे सदस्यत्वाचे कार्ड व्यापाऱ्यांच्या खिशात दिसू लागले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही कंपनीने गिऱ्हाइकाला लिहून दिलेली चिठ्ठी आहे. मात्र चिठ्ठीचा भाव कंपनीनेच ठरवायचा, मुदत तिनेच ठरवायची, आणि मनास येईल तेव्हा भाव बदलायचा तोही तिनेच. अशी चिठ्ठी बाजारात कोणी दिली तर आपण ती तिजोरीत साठवून ठेवू काय? आमच्या लिखाणाचा सारा रोख याच प्रश्नावर आहे.

आमचीच चूक आधी सांगतो, म्हणजे उपदेश केल्यासारखे होणार नाही. २०२१ साली आम्ही चामडी पिशव्या व पट्ट्यांचा कारखाना मुंबईहून पुण्याला हलवला. मुंबईत असताना दुबईच्या फेरीसाठी आम्ही एका परदेशी कंपनीचे सदस्य होतो. खात्यात बरेच मैल होते आणि मोफत तिकिटाला थोडेच कमी पडत होते. त्या थोड्यासाठी पुण्यात आल्यावरही आम्ही दुबईला जायचे तर मुंबईहूनच, आणि त्याच कंपनीने, असा हट्ट धरला. पुणे ते मुंबईचा विमानतळ दीडशे किलोमीटरचा रस्ता. टॅक्सीला जाऊन-येऊन सात हजार रुपये, पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात दोन तास अडकण्याची धास्ती वेगळीच. एका फेरीत तर विमान चुकेल म्हणून आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करावा लागला.

शेवट काय झाला? मैलांची मुदत संपत आल्याची सूचना जुन्या कारखान्याच्या दूरध्वनी क्रमांकावर आणि आम्ही वापरणे सोडलेल्या ईमेलवर जात राहिली. आम्हाला कळले तेव्हा निम्म्याहून अधिक मैल बाद झाले होते. कंपनीशी पत्रव्यवहार केला. नियमाकडे बोट दाखवून त्यांनी हात वर केले. धाकट्या भावाने वही काढून टॅक्सी, मुक्काम आणि वाया गेलेले दिवस यांची बेरीज मांडली व म्हणाला, ‘भाईजान, या पैशात दोन वेळा दुबईला जाऊन आलो असतो.’ त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

यातून जो धडा घेतला तो असा. नव्या शहरात आल्यावर कोणते कार्ड चांगले हे विचारू नये. मागील बारा महिन्यांच्या फेऱ्या कागदावर लिहाव्यात आणि पुढील वर्षाच्या अपेक्षित फेऱ्या त्याखाली मांडाव्यात. मग नव्या शहराच्या विमानतळावरून त्या त्या गावी थेट कोण जाते आणि सोयीच्या वेळेला कोण जाते, हे पाहावे. ज्या कंपनीचे नाव त्या कागदावर सर्वांत जास्त वेळा येईल, तिचेच सदस्य व्हावे.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या ठाण्यावर आहे आणि तेथील धावपट्टी मोठ्या विमानांना आखूड पडते. एमिरेट्स, कतार, सौदिया यांची विमाने तेथे येत नाहीत. त्यामुळे पुणेकर व्यापाऱ्याने आखाती कंपनीला मुख्य वही करणे म्हणजे दुकान एका गावात आणि गल्ला दुसऱ्या गावात ठेवण्यासारखे आहे. त्याचा बराचसा प्रवास इंडिगो किंवा एअर इंडियाने होणार. इंडिगोने अनेक वर्षे अशी योजना ठेवलीच नव्हती. २०२४ साली तिने ‘ब्लूचिप’ नावाने ती सुरू केली. एअर इंडियाच्या योजनेला आता ‘महाराजा क्लब’ म्हणतात. दोन्हींचे सदस्यत्व फुकट मिळते. हैदराबादेत गेलेल्या सोलापूरकराचा हिशेब मात्र निराळा निघेल. तेथून तिन्ही आखाती कंपन्या उडतात, त्यामुळे दुबई-जेद्दा वरचेवर करणाऱ्याला त्यांतली एखादी धरता येईल. पुणेकरांसाठीही चित्र थोडे पालटते आहे. पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ २०२५ च्या अखेरीस सुरू झाला असून तेथे जायला घाट उतरल्यावर मुंबईची गर्दी ओलांडावी लागत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या कंपनीने प्रवास केला तिच्याच वहीत मैल जमा केले पाहिजेत, असा नियम नाही. मोठ्या कंपन्यांचे तीन गट आहेत: स्टार अलायन्स, वनवर्ल्ड आणि स्कायटीम. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. म्हणून एअर इंडियाने गेलेला प्रवासी आपले मैल सिंगापूर एअरलाइन्सच्या खात्यातही जमा करू शकतो. कतार वनवर्ल्डमध्ये आणि सौदिया स्कायटीममध्ये आहे. एमिरेट्स आणि इंडिगो या तीनपैकी कोणत्याही गटात नाहीत. तेव्हा चार कार्डांत चार-चार दाणे टाकण्यापेक्षा एका गटाची एकच वही भरावी.

तिसरी गोष्ट मुदतीची. एमिरेट्स आणि सिंगापूरचे मैल साधारण तीन वर्षांनी बाद होतात, मग मधे कितीही प्रवास केला तरी. कतारच्या योजनेत मात्र छत्तीस महिन्यांत खात्यावर काही ना काही व्यवहार झाला तर शिल्लक जिवंत राहते. वर्षातून एकदाच परदेशी जाणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला दुसरी पद्धत बरी. आणि गाव बदलताच पहिल्या आठवड्यात दूरध्वनी क्रमांक, ईमेल व पत्ता सर्व खात्यांवर बदलून घ्यावा. आमचे नुकसान येथेच झाले.

चौथी गोष्ट भावाची. पूर्वी जितके अंतर, तितके मैल असा हिशेब होता. आता बहुतेक कंपन्या तिकिटाच्या पैशावर पॉइंट देतात. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. म्हणजे घासाघीस करून स्वस्त तिकीट घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पदरात पॉइंट कमीच पडणार. त्याने वाईट वाटून घेऊ नये. वाचलेला रुपया हाच सर्वांत खात्रीचा पॉइंट आहे. शिवाय मोफत म्हटलेल्या तिकिटावरही कर आणि इतर आकार भरावेच लागतात.

मैल साठवून ठेवू नयेत, याला तर इतिहासच साक्षी आहे. किंगफिशरची विमाने २०१२ साली जमिनीवर आली आणि सदस्यांची शिल्लक कागदावरच राहिली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. तिची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने नाव बदलून चालू राहिली, पण ज्या विमानासाठी मैल साठवले ते विमानच उरले नाही. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सदस्यांचे पॉइंट नव्या खात्यात वळते झाले. म्हणजे नशीब बरे असेल तर चिठ्ठी दुसऱ्या पेढीवर वटते, नसेल तर रद्दीत जाते. तिकिटापुरते साठले की लगेच खर्च करावेत, हेच शहाणपणाचे.

कंपन्या वरच्या दर्जाचेही आमिष दाखवतात. वेगळी रांग आणि विश्रांतिगृह यांचे आम्हाला कौतुक नाही. पण नमुन्यांच्या पेट्या नेणाऱ्याला वरच्या दर्जावर मिळणारे जादा सामान खरोखर उपयोगी आहे. आपल्या फेऱ्यांत तो दर्जा सहज मिळत असेल तर घ्यावा. त्यासाठी एकही जादा फेरी करू नये. मैल देणाऱ्या क्रेडिट कार्डांचेही तसेच. बिल वेळेवर भरले नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते. ज्या घरात व्याज नको म्हणून कर्जही टाळले जाते, तेथे फुकटच्या मैलांपायी ते मागच्या दाराने आत येऊ देणे शोभत नाही.

शेवटी सर्वांत नाजूक मुद्दा. तिकिटाचे पैसे पेढीचे, पण मैल जमा होतात प्रवाशाच्या नावे. दोन भाऊ भागीदार असले, एक कारखाना सांभाळतो आणि दुसरा हिंडतो, तर हिंडणाऱ्याच्या खात्यात वर्षानुवर्षे मैल साठतात. त्यावर तो बायकामुलांना घेऊन फिरून आला की कारखान्यात बसलेल्याच्या मनात काय येत असेल? तो बोलत नाही, पण हिशेब मनात राहतो. भागीदारी मोडायला लाखांचा तोटा लागत नाही, असा एक न बोललेला हिशेब पुरतो. आमच्या मते पेढीच्या पैशातून मिळालेले मैल ही भागीदाराची अमानत आहे. ते पेढीच्याच पुढल्या तिकिटावर खर्च करावेत, नाहीतर कोणी किती वापरायचे ते आधी बोलून वहीत लिहावे. एमिरेट्ससारख्या काही कंपन्या लहान व्यवसायांसाठी पेढीच्या नावाचे वेगळे खाते उघडून देतात. जमेल तेथे ते घ्यावे. तसेच तिकीट काढताना पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदवावा. इकॉनॉमी वर्गाच्या तिकिटावर पाच टक्के कर असतो. कंपोझिशन योजनेबाहेरच्या व्यापाऱ्याला धंद्याच्या प्रवासावर त्याची वजावट मिळू शकते. ती कित्येकदा वर्षभराच्या मैलांपेक्षा जास्त भरते.

आम्ही आता एकच मुख्य वही ठेवली आहे, आणि ती धाकट्या भावाकडे असते. दर ईदला दोघे मिळून शिल्लक पाहतो. तिकिटापुरते मैल असले तर पुढली चेन्नईची फेरी त्यावर होते. गाव बदललेल्या व्यापारी बांधवांनी आपली जुनी कार्डे आजच बाहेर काढावीत आणि एवढेच पाहावे: नव्या गावातून हे विमान उडते काय? उडत नसेल तर आहे ती शिल्लक वापरून टाकावी आणि ती वही बंद करावी.