साखरेचा रंग, परदेशची मापे आणि आपली मोळी



बालाजी महाराजांची यात्रा उरकली की आपल्याकडे दोनच गोष्टींची बोलणी सुरू होतात : टोळ्या कधी येणार आणि भाव काय निघणार. यंदा देऊळगाव राजा गटाच्या बैठकीत तिसरी गोष्ट निघाली. आम्ही नेहमीप्रमाणे स्वच्छ ऊस, पाचट, वाढे यांवर बोलत होतो. तेवढ्यात मागे बसलेले एक बुजुर्ग सभासद, ज्यांना सारा गट आबा म्हणतो, ते उठले आणि म्हणाले, "साहेब, ऊस आमचा, साखर कारखान्याची, खाणारा कुठला तरी परदेशातला. त्याला साखर कशी लागते याच्याशी आमच्या मोळीचं काय घेणं? काट्यावर वजन झालं की आमचं काम संपलं." सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि काहीतरी वरवरचे उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही ते इथे लिहीत आहोत.

प्रथम इंडोनेशियाची हकीकत ऐका. साखरेचा रंग मोजण्याची साऱ्या जगात एकच रीत आहे. तिला इकुम्सा म्हणतात. ती ठरवणारी संस्था १८९७ सालची आहे. साखर पाण्यात विरघळवायची, गाळायची आणि तिच्यातून ठराविक प्रकाश सोडायचा. जितका प्रकाश अडेल तितका आकडा मोठा. आकडा लहान म्हणजे साखर पांढरी. रिफाइंड साखर ४५ च्या आत असते. आपल्याकडची गंधकाचा धूर देऊन केलेली एस-३०, एम-३० साखर साधारण १०० ते १५० वर बसते. कच्ची साखर त्याच्या कितीतरी वर, सहाशे, हजार, दोन हजार अशी.

आता इंडोनेशिया हा कच्च्या साखरेचा मोठा गिऱ्हाईक. पण त्यांचा नियम असा होता की कच्ची साखर १२०० च्या खाली नको. म्हणजे मळकीच पाहिजे. आपल्या कारखान्यांची कच्ची साखर निघते साधारण सहाशे ते बाराशेच्या दरम्यान, त्यामुळे ती दारातच अडे. दूध फार दाट आहे म्हणून डेअरीने परत करावे, तशातली गत! त्यांचेही म्हणणे समजून घेतले पाहिजे. कमी रंगाची कच्ची साखर रिफायनरीत न जाता परस्पर दुकानात विकली गेली तर तिथल्या ऊसवाल्याचा भाव पडेल, ही त्यांची धास्ती. शिवाय शेजारच्या थायलंडची साखर त्या मापात बसत होती आणि तिला जकातही कमी होती. पुढे २०१९-२० च्या हंगामात दोन्ही सरकारांची बोलणी झाली. त्याच वेळी त्यांच्या पामतेलाचाही विषय टेबलावर होता. रंगाची अट १२०० वरून ६०० वर आली, जकात ५ टक्क्यांवर आली, आणि पुढच्या दोन हंगामांत इंडोनेशिया आपल्या साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाइकांपैकी एक झाला. २०२१-२२ साली देशाची निर्यात शंभर लाख टनांवर गेली, त्यात या वाटेचा मोठा वाटा आहे. ऊस तोच, कारखाने तेच, टोळ्या त्याच. बदलला फक्त कागदावरचा एक आकडा.

(१ जून २०२२ पासून आपल्याच सरकारने निर्यातीवर निर्बंध आणले आणि २०२३-२४ साली निर्यात बंदच राहिली, ही गोष्ट वेगळी. परदेशाने फाटक उघडावे आणि घरच्याने कडी लावावी, हेही आपण पाहिले. त्याची कारणे इथे काढत बसत नाही.)

तेव्हा आबांच्या प्रश्नाचा एक भाग असा की, परदेशची मापे ही पुष्कळदा मापे नसून कुंपणे असतात. जकात सर्वांना दिसते, तिच्याविरुद्ध बोलता येते. रंगाचा, वेष्टनाचा, तपासणीचा नियम मात्र शास्त्राचे कपडे घालून येतो. म्हणूनच १९९५ साली जागतिक व्यापार संघटना झाली तेव्हा याच विषयावर दोन वेगळे करार केले गेले. एक मालाच्या तांत्रिक नियमांचा आणि दुसरा अन्न, पीक व जनावरांच्या आरोग्याचा. नवा नियम करण्याआधी मसुदा इतर देशांना कळवा, हरकतीला मुदत द्या, विनाकारण व्यापार अडवू नका, असे त्यांत आहे. पण हरकत घ्यायला आधी तो मसुदा कोणीतरी वाचला पाहिजे. हे काम खडकपूर्णेच्या काठावरच्या शेतकऱ्याचे नव्हे. ते सरकारचे आणि आपल्या साखर महासंघाचे आहे, आणि ते त्यांनी वेळेवर केले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण प्रत्येक नियम कुंपण नसतो, हेही तितकेच खरे. गंधकाचेच बघा. आपल्या पद्धतीच्या साखरेत सल्फर डायऑक्साइड ७० पीपीएमपर्यंत चालतो. युरोपात मर्यादा १० ची आहे. दमेकऱ्याला गंधकाचा त्रास होतो, हे काही युरोपने रचलेले कुभांड नाही. तिकडे जायचे तर साखरेची कृतीच बदलावी लागते.

द्राक्षवाल्यांचे उदाहरण तर आपल्या राज्यातले. २०१० साली महाराष्ट्राच्या द्राक्षांत युरोपात क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून चालू होती, बागांची नोंद होती, प्रयोगशाळा होत्या. पण हे औषध तेव्हा तपासायच्या यादीतच नव्हते. कंटेनर बंदरात अडकले, माल उतरेना, बागायतदारांचे हाल झाले. त्यात फवारणी करणाऱ्याची चूक किती आणि यादी करणाऱ्याची किती, यावर आजही वाद घालता येईल. आमच्या मते यादी करणाऱ्याची जास्त. पण पैसे गेले ते बागायतदाराचे.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? देऊळगाव राजाच्या शिवारात शेडनेट किती उभी राहिली ते रस्त्याने जाताना दिसते. टोमॅटो, मिरची, काकडीचे संकरित बी इथे तयार होते. बी दिल्यावर लगेच पैसे हातात पडत नाहीत, आधी उगवणीचा आणि शुद्धतेचा निकाल लागतो, हे घरच्या बायामाणसांनाही ठाऊक आहे. आता त्यात एक भर पडली आहे. टोमॅटोच्या फळावर तपकिरी सुरकुत्या आणणारा एक विषाणू २०१४-१५ च्या सुमारास इस्राएल आणि जॉर्डनकडे दिसला. तो बियातून पसरतो, हाताच्या स्पर्शानेही पसरतो. १ नोव्हेंबर २०१९ पासून युरोपने टोमॅटो-मिरचीच्या बियांवर त्याच्यासाठी अटी घातल्या. म्हणून चांगल्या शेडनेटवर दाराशी हात धुवायचे, पाय धुवायचे, तंबाखू खाऊन फुलाला हात लावायचा नाही, असे नियम असतात. आबांच्या घरीही शेडनेट आहे. तिथे त्यांची सूनबाई आम्हाला चप्पल बाहेर काढायला लावते! आणि त्याच घरच्या उसाची मोळी मातीसकट, वाढ्यासकट गव्हाणीत पडते.

आता मोळीचे बोलू. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर जंतू खातात आणि डेक्स्ट्रॅन नावाचा चिकट पदार्थ करतात. जळीत उसात तर हे फारच लवकर होते. डेक्स्ट्रॅनने रस दाट होतो, पॅनमध्ये साखर पडायला वेळ लागतो, दाणा लांबुडका होतो. शिवाय ते पोलॅरीमीटरला फसवते, साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. त्यामुळे परदेशचा रिफायनरीवाला कच्च्या साखरेत डेक्स्ट्रॅन तपासतो आणि जास्त निघाले तर दर कापतो. कोवळ्या उसातून आणि वाढ्यातून स्टार्च येतो, त्याचाही त्रास असाच. चीफ केमिस्ट कितीही हुशार असला तरी फडात आलेला दोष त्याला बॉयलिंग हाऊसमध्ये धुऊन काढता येत नाही. म्हणजे आबा, काट्यावर काम संपत नाही.

इथवर आम्ही सभासदांना सांगितले. आता आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. एफआरपी निघते ती साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. ज्याने वेळेवर पक्का, स्वच्छ ऊस दिला त्याला आणि ज्याने माती-पाचट दिले त्याला टनाला एकच दर. मग कष्ट कोण घेणार? जळीत उसाची कपात होते, पण स्वच्छ उसाला बक्षीस नाही. दुसरे असे की, ऊस शिळा होतो तो नेहमी शेतकऱ्यामुळे होत नाही. एका हंगामात आमच्याच कार्यक्रमात गडबड झाली. टोळीने फड पाडला, वाहने दुसऱ्या गटात गेली, ऊस तीन दिवस बांधावर वाळला. वजन घटले ते सभासदाचे, आणि बोलणी आम्ही त्यालाच ऐकवली की उतारा पडतो. त्या घरी आजही आमच्याकडे चहाला या म्हणत नाहीत, आणि त्यांचे चुकत नाही.

म्हणून ऊस विकास विभागातर्फे संचालक मंडळापुढे आम्ही असे मांडले आहे की, येत्या हंगामात तोडणीच्या चिठ्ठीवर वजनाबरोबर तोडल्याची तारीख आणि वेळ लिहावी. चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडलेल्या, वाढे छाटलेल्या उसाला टनामागे काही वेगळी रक्कम द्यावी, मग ती थोडी का असेना. आणि वाहनाअभावी ऊस पडून राहिला तर घटीचा भार कारखान्याने उचलावा. या शेवटच्या कलमावर मंडळात कुरकुर झाली, हे लपवत नाही. हिशेब खात्याचे म्हणणे, निर्यात चालू असेल तेव्हा हे परवडेल, बंद असेल तेव्हा काय? आमचे म्हणणे, चिकट रस देशातल्या साखरेलाही चिकटच असतो.

विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा अशी विनंती केली आहे. देऊळगाव राजा गटातील सभासदांनी आपली मते गट कार्यालयात लेखी द्यावीत. आबांना आम्ही स्वतः जाऊन कागद देणार आहोत. चप्पल बाहेर काढू.